मला गाढवाचे कान लावले तेव्हा

मी एक जुने छायाचित्र आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. माझ्यात एक बाई उभी आहे. वाऱ्याने तिची छत्री उलटली आहे आणि ती खळखळून हसते आहे.

एका छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली माझा जन्म झाला. ती बाई म्हणजे त्याची बायको. एका मासिकाने मला छापले, लोकांनी तोंडभर कौतुक केले. पुढे मासिक बंद पडले, छायाचित्रकार शेजारच्या देशात लेकीकडे राहायला गेला आणि मी एका ग्रंथालयाच्या खणात जाऊन पडले. तिथे मला काळे कुत्रेही विचारत नव्हते.

मग ग्रंथपालबाईंनी एकदा मला बाहेर काढून हळुवार पुसले आणि माझी प्रत इंटरनेटवर ठेवली. खाली लिहिले, 'आपल्या देशात या छायाचित्राच्या स्वामित्वहक्काची मुदत संपली आहे. इतर देशांत वापरण्याआधी तिथला कायदा पाहावा.'

एका प्रकाशनसंस्थेत मुखपृष्ठे करणारी एक मुलगी होती. छपाई तोंडावर आली होती आणि तिला चित्र मिळत नव्हते. तिने पहिले वाक्य वाचले, दुसऱ्यावरून नुसती नजर फिरवली आणि मला उचलले. खरे सांगते मित्रांनो, मी हुरळून गेले!

पुस्तक होते वेंधळ्या माणसांच्या विनोदांचे. ते ग्रंथालयात आले तेव्हा मी पाहिले. माझ्या बाईला गाढवाचे लांब कान लावले होते. येणारी-जाणारी मुले बोट दाखवून हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुस्तक शेजारच्या देशातही विकायला गेले. छायाचित्रकाराची लेक आता स्वतः आजी झाली होती. नातीसाठी खाऊऐवजी पुस्तक घ्यावे म्हणून ती दुकानात शिरली, तर समोर आई! तिने तिथूनच प्रकाशकांना फोन लावला.

"मुखपृष्ठावरची बाई माझी आई आहे. कान कुणाचे आहेत, ते तुम्ही सांगा."

"अहो आजी, त्या फोटोची मुदत कधीच संपलीय," प्रकाशक म्हणाले.

"तुमच्याकडे संपली असेल. तुम्ही फोटो छापून आला तेव्हापासून मोजता. आमच्याकडे काढणारा माणूस गेला तेव्हापासून मोजतात. बाबांना जाऊन अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत. इथे त्यांचा हक्क माझ्याकडे आहे."

प्रकाशकांनी वकिलांना विचारले, तर आजींचे म्हणणे खरे निघाले. तिकडची पुस्तके परत मागवावी लागली.

"इथे मात्र कायदा आपल्या बाजूने आहे," ते मुलीला म्हणाले. "इथे खुशाल विकू."

"सर, इथलीही थांबवा," मुलगी म्हणाली. "हवं तर मला कामावरून काढा. पण ते कान आता मलाच बघवत नाहीत."

प्रकाशक पुष्कळ धुसफुसले, पण अखेर त्यांनी विक्री थांबवली. हे सारे मुलीने ग्रंथपालबाईंना सांगितले, तेव्हा मला कळले. तिनेच आजींना ग्रंथालयात बोलावून घेतले होते. आजी आल्या. मला टेबलावर ठेवण्यात आले.

"चुकलं माझं, आजी," मुलगी खाली मान घालून म्हणाली. "कान काढून, तुमच्या बाबांचं नाव घालून पुन्हा छापू का?"

"नको." आजींनी मला हातात घेतले. "माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून आई हसलीच नव्हती. त्या दिवशी छत्री उलटली आणि ती पहिल्यांदा हसली. म्हणून बाबांनी हा फोटो काढला."

 मला लाजेने तोंड लपवावेसे वाटले. इतकी वर्षे मी ते हसू अंगावर मिरवत होते, पण ते कशानंतरचे आहे, हे मलाच ठाऊक नव्हते.

"राग गेलेला नाही माझा," आजी जाताना म्हणाल्या. "पण तोंड चुकवलं नाहीस, हे बरं केलंस पोरी."

मित्रांनो, जुनी चित्रे जरूर वापरा. आम्हालाही खणाबाहेर यावेसे वाटते. फक्त खालची टीप शेवटपर्यंत वाचा. एका देशात जे सर्वांचे झाले आहे, ते दुसऱ्या देशात अजून कुणाचे तरी असते. आणि कायद्याने मोकळीक दिली, तरी चित्रातल्या माणसाकडे एकदा नीट पाहा. त्याला 'नको' म्हणता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच क्षणभर थांबा.