कुलपातला झगा

रविवार, सकाळचे दहा. तिसगावपुढच्या एका वाडीतलं चर्च. मागच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटाला कुलूप.

आत हँगरवर मी, पाळकांचा पांढरा झगा. त्या दिवशी सगळे माझ्या नावानं भांडले. मला कुणी विचारलं नाही, म्हणून आता बोलतोय.

मला भागूबाईंनी शिवलं, स्वतःच्या पायमशीनवर. पुढे तीन पाळकांनी घातलं. पहिल्यांचं पोट असं, की माझी शिवण उसवून सैल करावी लागली. दुसरे किडकिडीत, त्यांच्या अंगावर मी वाळत घातल्यासारखा दिसायचो. तिसरे माझ्या खिशात शेंगदाणे ठेवायचे आणि गीत लांबलं की हळूच तोंडात टाकायचे. झग्याचा अपमान झाला असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. ते सगळ्यांना आठवलं सविताचं नाव निघाल्यावर.

सविता इथलीच सून, धर्मशास्त्र शिकलेली. तिसरे पाळक निवृत्त झाल्यापासून उपासना तीच घेते, उपदेश तीच करते, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेलाही तीच जाते. हे सगळं चालतं. पण पाळकपदाची दीक्षा नाही, म्हणून बाप्तिस्मा देता येत नाही, प्रभुभोजन देता येत नाही. त्यासाठी नगरहून पाळक यावे लागतात, आणि ते येतात तेव्हा येतात. बनुबाईची नात बाप्तिस्म्याची वाट बघता बघता चालायला लागली!

त्या रविवारी बिशपसाहेब सविताला दीक्षा देणार होते. वरची मंजुरी आली होती. मंडळीचे सेक्रेटरी आसारामभाऊ मात्र एका शब्दावर अडून बसले होते.

"पाळकीणबाई म्हंजी पाळकाची बायको," माझ्या कपाटासमोर ते म्हणाले. "आता हीच पाळक झाली, तर हिच्या नवऱ्याला काय म्हणायचं?"

"वाल्मिक म्हणा की," भागूबाई म्हणाल्या. "आईबापानं नाव ठेवलंय त्याचं."

टेम्पोवाला वाल्मिक शेजारीच उभा होता. "मला काय बी म्हणा," तो म्हणाला, "फकस्त जेवायला हाक मारा."

"हसण्यावारी नेऊ नका, मावशी. बाईच्या अंगावर झगा शोभत न्हाई."

मी आतल्या आत हादरलो. अहो, आपल्याकडे झगा घालतं कोण? पोरी! तीन बाप्ये मला घालून मिरवले, तेव्हा कुणी हसलं नाही.

भागूबाई तडकल्या. "आसाराम, ह्यो झगा शिवला मी. धुती मी, इस्तरी करती मी. माझा हात लागून बाटत न्हाई, आन सविताच्या अंगात गेला की बाटतो व्हय?"

"ते ऱ्हाऊ द्या. किल्ली कुठंय?"

"पर कुलूप आलं कुठनं? काल मी झगा ठेवला, तवा कडीत नुसती काडी हुती."

"ते नंतर बघू. आधी किल्ली."

सगळे खिसे चाचपू लागले. आसारामभाऊंनी सगळ्यांत जोरात चाचपले.

"गाडीतनं लोखंडी टॉमी आणतो, कुलूप तोडतो," वाल्मिक म्हणाला.

"चर्चची मालमत्ता हाय ती. ठराव लागंल. ठरावाला मीटिंग, मीटिंगला नोटीस."

सविता दारात थांबलेल्या बिशपसाहेबांपुढे झाली. "साहेब, मी साडीवर घेते दीक्षा."

"रिवाज हाय," आसारामभाऊ म्हणाले. "झगा न्हाई तर दीक्षा न्हाई."

बिशपसाहेबांनी घड्याळ बघितलं. "आधी वाद मिटवा, मग मला बोलवा," म्हणाले आणि गाडीत बसले.

सविता गाडीमागची धूळ खाली बसेपर्यंत दारात उभी राहिली. मग पदर खोचून आत गेली आणि नेहमीसारखी उपासना सुरू केली. तिचा आवाज कपाटापर्यंत स्पष्ट येत होता. मधूनच बनुबाईच्या नातीचाही.

मी अजून आतच आहे. डांबरगोळ्यांच्या वासानं जीव नकोसा झालाय. कसर लागायच्या आत मला बाहेर काढा. मला खांदे हवेत. ते कुणाचे, हे मी त्या तिघांना कधी विचारलं नव्हतं. सवितालाही विचारणार नाही.

शनिवारी संध्याकाळी मी आतून फक्त 'कट्' असा आवाज ऐकला. रविवारपासून सगळा गाव किल्ली शोधतोय. कुलूप कुणी लावलं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.