सात फूट चार इंच

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आर्किटेक्टबाईंनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि समोर पाहिलं. नकाशावर झाड होतं. जमिनीवर नव्हतं.

"मोजणीदार, तुती कुठाय?"

मोजणीदाराने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. काचा स्वच्छच होत्या.

"पडली. वादळात. दोन वर्षं झाली."

"आणि ही मोजणी गेल्या वर्षीची. खाली सही तुमची."

सही त्याचीच होती. नोकरीची चौतीस वर्षं त्याने लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावर उभं राहून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, पण कागदावर खोटा बिंदू टाकला नाही. ताई त्याला लहानपणापासून फूटपट्टी म्हणायची ती उगाच नाही. त्याच हाताने त्याने नसलेल्या झाडाचं वर्तुळ काढलं होतं आणि शेजारी बुंध्याचा घेर लिहिला होता, सात फूट चार इंच. घेर तेवढा खरा होता. आडव्या पडलेल्या खोडाला टेप गुंडाळून त्याने तो घेतला होता.

बाई एका दगडावर टेकल्या.

"चूक माझीही आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी घरी बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. अख्खं घर त्या झाडाभोवती वळवलंय. अंगण, काचेची सरकती भिंत, छपराचं पाणी मुळाशी नेणारी पन्हळ. आता ते पाणी कोणाला पाजू?"

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण तुती पडली त्याच रविवारी ताईचा फोन आला. म्हणाली, आपल्या तुतीभोवती छोटंसं घर बांधू या रे, सुट्टीला येत जाईन. नऊ वर्षांत पहिल्यांदा 'येईन' म्हणाली, बाई. मी तोंडात मिठाची गुळणी धरली."

"आणि कधी सोडणार होतात?"

"छप्पर चढल्यावर. एवढं घर उभं राहिलं की एका झाडासाठी कोण पाठ फिरवतंय?"

"खोट्याच्या कपाळी गोटा, मोजणीदार."

"बसला की आत्ताच."

बाईंना हसू आवरलं नाही. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि गाडीतून चुन्याच्या फक्कीचा डबा काढला.

"तुती नसली तरी घर आहेच. चला, आखू."

बाईंची ही जुनी पद्धत होती. खोदकामाआधी सगळं घर फक्कीने जमिनीवर काढायचं आणि त्यात राहणाऱ्या माणसाला रेघांच्या आत रोजची कामं करायला लावायची. कागद माणसाला कोपर मारत नाही, असं त्या म्हणत. तासाभरात गवतावर पांढऱ्या खोल्या उमटल्या. झाडाची जागा बाईंनी तशीच मोकळी सोडली.

"हा ओटा. चहा करा."

"हे ताईला करायला सांगा ना, ती आली की."

"तुम्ही करा."

तो लाजत रेघेपाशी उभा राहिला. हवेतला नळ सोडला, हवेतलं पातेलं भरलं आणि शेगडीकडे वळला. शेगडी बरोबर डाव्या हाताला आली. पुढच्या खोलीत त्याने पलंगाच्या चौकोनात बसून पाहिलं. खिडकी पूर्वेला होती, उशीच्या बाजूला, पहाटे पाचला उठणाऱ्याला उजेड पहिला मिळावा अशी. उत्तरेच्या खिडकीखाली एक लांबलचक पट्टा होता.

"हे काय?"

"टेबल. नऊ फुटी."

नऊ फुटी टेबलावर फक्त एकच गोष्ट पसरतात. तो उभा राहिला.

"मी डावखुरा आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"ताईंनी लिहून दिलं होतं. चार पानं. भाड्याच्या खोलीत तुम्हाला उजेड नाही, नकाशे जमिनीवर पसरून ओणवे बसता, सगळं."

"आणि तिची खोली?"

बाईंनी हातातल्या नकाशाची घडी घातली, परत उलगडली. मग व्हरांड्यातल्या एका अरुंद चौकोनाकडे बोट केलं.

"तो बाक उघडतो. पाहुण्यांना झोपायला."

सहा बाय तीन. त्याने नजरेनेच मोजलं. दरवर्षी सुट्टीला येणारं माणूस स्वतःसाठी बाक मागत नाही, हे कळायला टेप लागत नव्हती.

"हे घर सरळ तुम्हाला दिलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं, असं म्हणाल्या," बाई हळूच म्हणाल्या.

मोजणीदाराने वाकून डबा उचलला. जिथे तुतीच्या जागी जमीन अजून थोडी दबलेली होती, तिथे तो गेला आणि फक्की सोडत चालू लागला. टेप न लावता, नुसत्या पावलांनी. रेघ वाकडी गेली, ती त्याने पुसली नाही.

"दहा बाय बारा," तो म्हणाला. "खिडकी इकडे. आणि कपाट मोठं काढा, तिला कपडे फार."

"मालकीण त्या आहेत. त्यांना विचारावं लागेल."

त्याने खिशातून फोन काढून उभ्या उभ्याच लिहिलं, 'अंगणात तुझ्यासाठी खोली वाढवतोय. नाही म्हणू नकोस.'

दहाला वीस मिनिटं कमी असताना ताईचं उत्तर आलं. 'वेडा का रे फूटपट्टी? अंगणात कशी मावेल? तुती आडवी येईल ना.'

त्याने ते वाचलं आणि फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी वाचून तो परत केला आणि गाडीत जाऊन बसल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

साडेअकराला ऊन फक्कीवर लखलखत होतं. मोजणीदार दहा बाय बाराच्या मधोमध गवतावर बसला होता, फोन गुडघ्यावर. तोवर उत्तर गेलेलं नव्हतं.