जुळ्यांचा धडा

"नाही म्हणतोय! अजून काहीच होत नाही म्हणतोय!"

धापा टाकत आलेल्या एका मुलाने सामानाच्या खोलीच्या दारातून ही बातमी दिली आणि तो आल्या पावली परत पळाला. मधल्या सुट्टीत मुलं पळतातच, म्हणून व्हरांड्यात चहा पीत उभ्या असलेल्या बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. पण तोच मुलगा मैदान ओलांडून पुन्हा आला, पुन्हा त्याच दारात ओरडला, "अजून नाही!" आणि या वेळी आतून गादी धोपटल्यासारखा आवाज आला. त्यामागून कुणीतरी कण्हलं. बाईंनी कप कठड्यावर ठेवला, तो खाली पडून फुटला, आणि त्या धावत सुटल्या.

आत त्यांच्याच चौथीच्या वर्गातली काही मुलं कोंडाळं करून उभी होती. मधे जमिनीवर वर्गातल्या जुळ्या भावांमधला धाकटा पोट धरून कुशीवर पडला होता. तोंडातून लाळ आणि लाळेत रक्त. वर्गाची मॉनिटर, बाईंची सगळ्यात लाडकी मुलगी, हातात मोडक्या बाकाचा पाय घेऊन त्याच्यापाशी उभी होती. घामाघूम झाली होती, पण चेहरा शांत, गणित सोडवताना असायचा तसा.

"काय चाललंय हे!"

बाईंना अख्खी शाळा तोफ म्हणायची. त्यांचा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा ताठ बसायची. पण मॉनिटरने हातातला पाय लपवला नाही.

"बाई, प्रयोग चाललाय. थोरला तिकडे वर्गात डोळे मिटून बसलाय. याला मारलं की त्याला कुठे दुखतं ते बघायचं होतं. पण त्याला कळतच नाहीये, म्हणून जोर वाढवावा लागला."

"आणि हा? हा काही बोलला नाही?"

"आधी हाच म्हणाला, मारा. मग नको म्हणायला लागला. पण तोवर अर्धा प्रयोग झाला होता ना."

बाईंनी तिच्या कानफटात अशी वाजवली की पोरगी रद्दीच्या गठ्ठ्यांवर जाऊन आदळली. मग त्यांनी धाकट्याला उचललं. सदरा वर सरकला होता. बरगड्यांखाली काळानिळा पट्टा उठला होता आणि पोट फुगून कडक झालं होतं. पोराने डोळे किलकिले केले आणि विचारलं, "बाई, त्याला कळलं का?"

बाई त्याला घेऊन वर्गावरून पळाल्या तेव्हा थोरला आपल्या जागेवर ताठ बसलेला होता. डोळे गच्च मिटलेले. उघड असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता हा प्रयोग कुठून आला ते सांगायला हवं. शाळा चालवणाऱ्या संस्थेने त्या वर्षी एक पुरवणी पुस्तक काढलं होतं. कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत, आणि आत माणसाच्या शरीराबद्दल नाही नाही त्या गोष्टी. 'जुळ्या भावंडांपैकी एकास इजा झाली असता दुसऱ्यास त्याच जागी वेदना होतात. हे सत्य आहे.' खाली दोन हसऱ्या मुलांचं चित्र होतं. पुस्तक पहिल्यांदा चाळलं तेव्हाच बाई तणतणत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या होत्या.

"सर, हे कुणी सिद्ध केलंय?"

"बाई, लोक मानतात. आणि वाईट काय आहे त्यात? भावाभावांत प्रेमच वाढेल की."

"मानतात म्हणजे? मग 'लोक मानतात' असं लिहायचं. 'हे सत्य आहे' कशाला?"

"परीक्षेत येणार आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "शिकवा आणि मोकळ्या व्हा."

बाई मोकळ्या झाल्या. पण अर्धवट काम करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. जे शिकवायचं ते ठणकावून, हीच त्यांची रीत. नोकरीच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या शिक्षिकेने कानमंत्र दिला होता, वर्गापुढे 'माहीत नाही' कधी म्हणायचं नाही, एकदा म्हणालीस की पोरं डोक्यावर बसतील. बाईंनी तो इमानेइतबारे पाळला होता. न आलेली उत्तरंसुद्धा त्या अशा आवाजात देत की पोरांची शंका घ्यायची हिंमत होत नसे. हा धडाही त्यांनी त्याच आवाजात शिकवला. वर्गात जुळे होतेच. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. धाकटा खूष झाला, जणू पुस्तकात त्याचंच नाव छापून आलं होतं. थोरला मात्र उभा राहिला.

"बाई, मला नाही कळत. काल याची ढोपरं फुटली, तेव्हा मला काहीच झालं नाही."

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंना हसणारा वर्ग खपत नसे.

"कळतं! तुझं लक्ष नसतं. भावाकडे लक्ष असेल तर कळतं. बस खाली."

बस. एवढंच बोलल्या त्या. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. पण त्या दिवसापासून धाकटा थोरल्याच्या मागे लागला, तुझं माझ्याकडे लक्षच नाही म्हणून. दोघं भांडले, चावले, ओरबाडले, आणि शेवटी भाऊ आपला आहे हे सिद्ध करायला धाकटा आपण होऊन सामानाच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

दवाखान्यात त्याचं पोट उघडलं. आत नुसतं रक्त साचलेलं. डॉक्टरीण बाहेर आली ती कुणाच्या डोळ्यांत न बघता बोलली, आणि तेवढ्यावरून सगळ्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर गेलं. आई त्याच्या उशाशी होती. बापाने भिंतीवर डोकं आपटलं, दोन वॉर्डबॉयनी मागे ओढेपर्यंत आपटत राहिला. कपाळातून रक्त वाहत होतं आणि तो म्हणत होता, मला सोडा, मला सोडा. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. रडायचाही हक्क आपल्याला नाही असं त्यांना वाटत होतं आणि रडू तर थांबत नव्हतं.

थोरला बाहेर बाकड्यावर बिस्किट खात होता. कुणीतरी दिलं होतं. आईचा हंबरडा ऐकून तो उठला, दारातून त्याने आत पाहिलं, मग हातातल्या अर्ध्या बिस्किटाकडे पाहिलं. ते त्याने भिंतीवर भिरकावलं आणि स्वतःच्या तोंडावर फाडकन मारून घेतलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. बाईंनी त्याचे हात धरले तर त्याने त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

काही दिवसांनी बाप शाळेत आला. टायर-पंक्चरचं दुकान होतं त्याचं, टायर उचकटायची लोखंडी पट्टी हातात तशीच होती. मुख्याध्यापकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि सगळी चूक त्यानंतर केली.

"फार वाईट झालं हो. पण पोरांची मस्ती कुठल्या थराला जाईल, कोण सांगणार? आम्ही त्या मुलीचं नाव काढून टाकलंय."

पट्टी टेबलावर आली. काच फुटून मुख्याध्यापकांच्या मांडीवर सांडली. दुसऱ्या फटक्यात खुर्चीची पाठ गेली, तिसऱ्यात कपाटाचं दार. मुख्याध्यापक भिंतीला चिकटून "अहो, अहो" करत होते.

"मस्ती?" बाप ओरडला. "ती पोरगी सांगते प्रयोग होता. कुणी शिकवला प्रयोग?"

बाई दारात येऊन उभ्या होत्या. "मी," त्या म्हणाल्या.

बापाने पट्टी उगारली. बाईंनी डोळे मिटले नाहीत. पट्टी त्याने खाली टाकली. मग मोकळ्या हाताने बाईंच्या मुस्काटात मारली. बाई चौकटीवर आदळल्या, ओठ फुटला.

"तुम्हाला मारून तो येतोय थोडाच," बाप म्हणाला, आणि एकदम त्याचा सगळा जोर गेला. "बाई, माझा दुसराही चाललाय. रोज काहीतरी करून घेतो. काल हातोडीने अंगठा ठेचला. विचारलं तर म्हणतो, माझं लक्ष नव्हतं म्हणून तो मेला. मी सांगून दमलो, असं काही नसतं रे बाबा. ऐकत नाही. म्हणतो, बाईंनी सांगितलंय, पुस्तकात आहे. मी अडाणी, माझं कोण ऐकतो? तुम्ही घातलंय त्याच्या डोक्यात. तुम्हीच काढा."

बाईंनी मान हलवली. तोंडातलं रक्त त्यांनी पदराने पुसलं.

बाप गेल्यावर मुख्याध्यापक जमिनीवरच्या काचा वेचत म्हणाले, "बाई, वर्गात त्या धड्याचा विषयच नको आता. संस्थेचं पुस्तक आहे. चूक म्हणालात तर सगळं आपल्या अंगाशी येईल."

बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पुन्हा काचा वेचू लागले. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्याझाल्या बाईंनी तो धडा काढायला लावला आणि वर्गाला सांगितलं, हे खोटं आहे, मी तुम्हाला खोटं शिकवलं, फाडा हे पान. पोरं घाबरून एकमेकांकडे बघत राहिली. पुस्तक फाडलं की छडी मिळते एवढंच त्यांना ठाऊक होतं. शेवटी बाईच बाकांमधून फिरल्या आणि एकेक पान टराटरा फाडत गेल्या. थोरल्याने आपलं पुस्तक पोटाशी धरलं. बाईंनी ओढलं, त्याने सोडलं नाही.

"तुम्ही आता घाबरून म्हणताय," तो हळूच म्हणाला. "बाबांनी मारलं म्हणून."

इतकी वर्षं ज्या आवाजावर पोरांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याच आवाजाने आता खरं सांगितलं तर एका पोराला ते पटेना. बाई खुर्चीत बसल्या.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. बाई डबा न उघडताच बसल्या होत्या. शेवटी उठून बाहेर जाताजाता त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. थोरला दाराच्या आड उभा होता. दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत, बिजागरीपाशी, त्याने डाव्या हाताची बोटं घातली होती आणि उजव्या हाताने दार धरलं होतं. डोळे गच्च मिटलेले.

"अरे!"

आवाजाने त्याने डोळे उघडले आणि बाई झेपावल्या. त्याचा हात ओढून काढायला त्यांनी आपला हात फटीत घातला, त्याची बोटं बाहेर ढकलली आणि त्याच क्षणी त्याने दार ओढलं. जुनं, जड दार. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

बाई किंचाळल्या. किंचाळी ओसरल्यावर त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. दोन बोटं वाकडी झाली होती, एकाचं नख उलटून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. थोरला डोळे फाडून बघत होता. आधी बाईंच्या हाताकडे, मग स्वतःच्या.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"खूप. खूप दुखतंय रे."

"मला नाही दुखत."

"तुला कसं दुखेल? बोटं माझी आहेत."

पोरगा खाली उकिडवा बसला. त्याच्या डोक्यात काहीतरी चाललेलं बाईंना दिसत होतं. त्या कळ सोसत तशाच बसून राहिल्या.

"मी बघत होतो तुमच्याकडे," तो अखेर म्हणाला. "लक्ष होतं माझं. तरी नाही दुखलं."

"नाहीच दुखणार."

"मग त्याचं पोट..."

"त्याचं पोट त्याचं होतं. तुझं नव्हतं. लक्ष असतं तरी तुला कळलं नसतं. कुणालाच कळलं नसतं. तुझं काही चुकलं नाही. चुकलं माझं."

भाऊ गेल्यापासून थोरल्याने स्वतःला चावलं होतं, ठेचलं होतं, ओरबाडलं होतं, पण तो रडला नव्हता. आता रडू आलं आणि रडतारडता त्याने विचारलं, "म्हणजे मी इकडे काही केलं, तर त्याला पण नाही कळणार? तो जिथे असेल तिथे?"

बाईंना एका क्षणात सगळी उत्तरं सुचली. कळेल रे राजा. तो वरून बघतोय. तुझ्या काळजात आहे तो. पोरगं लगेच शांत झालं असतं. ठणकावून बोलायचं, की झालं. बाईंनी तोंड उघडलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

ते शब्द त्यांच्या तोंडून इतके हळू निघाले की पोराने ओठांकडे निरखून पाहिलं. मग त्याने मान हलवली. या एका गोष्टीवर त्याचा विश्वास बसला होता. तो उठला, त्याने बाईंचा चांगला हात धरून त्यांना उभं केलं आणि मैदानाच्या कडेच्या नळावर नेलं. नळ पूर्ण सोडून त्याने बाईंची मोडकी बोटं धारेखाली धरली. पाणी आधी लाल झालं, मग गुलाबी. बाईंना आता रडू आवरेना. दोघंही नळाशी उभे राहून रडत होते आणि अख्खं मैदान खेळ थांबवून बघत होतं.

वरच्या खिडकीतून मुख्याध्यापकांनी डोकं बाहेर काढलं. "कोण आहे नळावर? पाणी वाया चाललंय!"

"जाऊ दे!" बाई गरजल्या.

खिडकी बंद झाली. थोरल्याने दुसरा हात धारेखाली घातला, तळव्यात पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. मग त्याने बाईंचा हात पुन्हा नीट धरला.