भिंगरीचं कॉलेज माझ्यावर बसून ठरलं

मित्रांनो, खरं सांगते, हे सांगणारच नव्हते. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? पण मनात ठेवून ठेवून माझ्या स्प्रिंगा करकरायला लागल्या, म्हणून सांगून टाकते.

मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. बूड ओतीव लोखंडाचं, अंगावर लाल रेक्झिन. नवी होते तेव्हा माझ्यावर बसायला मिळावं म्हणून लोक बाकावर ताटकळायचे. मालकांची पोरगी शाळेतून आली की माझ्यावर चढून गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. पुढे शेजारी, पायाने दाबली की वर जाणारी नवी खुर्ची आली आणि मी खिडकीकडे सरकले. रेक्झिन फाटलं, त्यावर चिकटपट्टी आली. आता माझ्याकडे फक्त जुनी, हक्काची गिऱ्हाइकं.

त्यातलेच एक ड्रायव्हरकाका. त्यांचा एक पाय कृत्रिम. तो घासायचा, म्हणून ते वेडेवाकडे बसायचे. एकदा भिंगरीने माझ्या फाटक्या हातातला स्पंज उपसला आणि कापून कापून त्या कृत्रिम पायाच्या वरच्या खोलगट वाटीत बसवला. काका दारापर्यंत चालून गेले, परत आले. म्हणाले, "पोरी, हा पाय आज पहिल्यांदा माझा वाटला." माझा हात तेव्हापासून पोकळ आहे. असू दे.

बारावीनंतर भिंगरीला दोन कॉलेजांत जागा मिळाली. दोन्ही लांब. एक मोठ्ठं इंजिनियरिंगचं, काचेच्या इमारतींचं, नाव काढलं की लोकांच्या भुवया वर जातात. दुसरं एका दवाखान्यामागे, छोटंसं. तिथे कृत्रिम हातपाय बनवायला शिकवतात. दुसऱ्या दिवशी कुठेतरी हो कळवायचं होतं.

मालक बिचारे गोंधळले. आणि गोंधळलेला सलूनवाला काय करतो? गिऱ्हाइकांना विचारतो. बँकवाले काका साबण लावलेल्या तोंडाने म्हणाले, "इंजिनियरिंग! त्यात विचारायचं काय?" मालक बोलण्यात इतके रंगले की काकांचा एक कल्ला वर, दुसरा खाली.

"अहो, आधी माझ्याकडे बघा, पोरीचं नंतर!"

संध्याकाळी मालकांनी शटर अर्धं ओढलं. "भिंगरे, बस."

त्यांची एक पद्धत आहे. काय हवंय ते गिऱ्हाइकालाच कळत नसेल, तर त्याची पाठ आरशाकडे करायची, खांद्यांवर हात ठेवायचे आणि काय काय कापणार ते बोलत राहायचं. नको असेल तर खांदे ताठ होतात. हवं असेल तर सैल पडतात.

त्यांनी तिला कापड गुंडाळलं. आधी छोट्या कॉलेजातली सकाळ सांगितली. प्लास्टर, घासकाम, समोर पेशंट. खांदे ताठ. मग काचेची इमारत, हॉस्टेल, मोठी नोकरी. खांदे सैल.

"ठरलं तर! इंजिनियरिंग." मालकांनी कापड काढून झटकलं.

मी मात्र घाबरले. मालकांच्या हाताला खांदे कळतात, पण बाकीचं सगळं वजन माझ्यावर असतं. छोट्या कॉलेजचं निघालं तेव्हा पोरगी आतुरतेने पुढे सरकून टोकावर आली होती. काचेच्या इमारतीला ती मागे टेकली, हार मानलेली माणसं टेकतात तशी. पण मला तोंड कुठे आहे!

भिंगरी उठलीच नाही.

"उठ की."

"बाबा, कटिंग आवडली नाही की गिऱ्हाईक काय म्हणतं?"

"काय म्हणणार? 'छान झालंय' म्हणतं. आणि पुन्हा फिरकत नाही."

"मग मी पण म्हणते, छान झालंय."

मालकांचा हात कापडावरच थांबला. मग त्यांनी मला फिरवून तिचं तोंड बाकाकडे केलं आणि स्वतः बाकावर जाऊन बसले, गिऱ्हाइकासारखे.

"आता तू बोल. मी मधे तोंड घालणार नाही."

घातलंच त्यांनी. "पण लोक विचारतील, पोरगी काय करते?"

"सांगा, पाय करते."

मालक आधी दचकले, मग इतके हसले की त्याच कापडाने डोळे पुसले. कुणाचा तरी केस गेला डोळ्यात, मग पाणी थांबेचना. केसामुळेच, असं ते म्हणाले.

भिंगरीने तिथेच बसून छोट्या कॉलेजला हो कळवलं.

मित्रांनो, माणूस 'छान झालंय' म्हणाला म्हणून लगेच कापड काढू नका. थोडं बसू द्या त्याला.

जायच्या दिवशी भिंगरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबांकडे बघ गं. दिवसभर उभे असतात." खुर्चीला असं कोण सांगतं? मैत्रीणच सांगते. म्हणून मीही शब्द दिलाय. जा भिंगरे. दुपारी दुकान रिकामं झालं की तुझ्या बाबांना मी बसवून घेईन, आणि 'मी बरा आहे' म्हणाले तरी लगेच उठू देणार नाही.