कमी कराचा शेवटचा दिवस

ठेकेदाराला सून घरात लगेचराव म्हणायची. दारं लगेच लागतील, नळ लगेच येतील, सगळं त्याचं लगेच. आज मात्र नव्या घरी तो खरंच लगेच आला होता, न बोलावता, आणि हातात ताब्याचा कागद.

"वहिनी, इथे सही. दादांनी केलीय. घर दोघांच्या नावावर, म्हणून तुमचीही लागते."

सरकारने विक्रीकर काही महिन्यांपुरता उतरवला होता, त्याचा आज शेवटचा दिवस. कर उतरला तेव्हा लगेचराव तिच्या नवऱ्याला म्हणाला होता, "सगळे हप्ते आत्ताच भरा, कमी कर लागेल." आणि या भल्या माणसाने भरले! फरशीचा, रंगाचा, अगदी किल्ली मिळाल्यावर द्यायचा तोसुद्धा. पैसे पडताच कामगार दुसऱ्या घरांवर गेले आणि इथे चिटपाखरू फिरकेना. मग कर कचेरीत कळलं, की पैसे कधी भरले याला काही किंमत नाही. पुरं झालेलं घर ज्या दिवशी ताब्यात घ्याल, त्या दिवसाचा कर सगळ्या रकमेवर. आज घेतलं तर कमी. उद्या घेतलं तर भरलेल्या हप्त्यांवरचाही फरक भरायचा. म्हणून गेल्या आठवड्यात कशीबशी दारं लागली, फरश्या बसल्या आणि आज ही धावाधाव.

"आधी बाथरूम बघते," सून म्हणाली.

"मी बघितलंय," नवरा म्हणाला. "छान आहे. सही कर."

तिने अंगणातल्या पिंपातून बादली भरून आणली आणि बाथरूममध्ये ओतली. पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलंच नाही. ते दाराकडे वळलं, उंबरठ्यावरून सरळ पलीकडच्या खोलीत शिरलं. ती खोली सासूबाईंची. पलंग कुठे ठेवावा हे बघत त्या तिथेच उभ्या होत्या. पाणी बघून त्यांनी भिंत धरली.

"ढाळ उलटा आहे," सून म्हणाली. आवाज बारीक होता. नवरा तो ओळखून एक पाऊल मागे सरकला.

"थोडा इकडेतिकडे होतो हो," लगेचराव म्हणाला. "सही करा, मी लगेच..."

"मग कागदावर लिहा. ढाळ बाकी आहे म्हणून."

"तसं कसं लिहू? मग काम पुरं झालं असं कर खातं मानेल का? तुमचंच नुकसान, वहिनी."

सासूबाई मध्ये पडल्या. "राहू दे गं. दाराशी फडकं ठेवते. पुसत जाईन मी."

इथे मात्र तिचा तोल सुटला.

"तुम्ही पुसणार? वाकता येतं तुम्हाला? ओल्या फरशीवरूनच पडलात ना गेल्या साली? खुब्यात सळई आहे तुमच्या! तुम्हाला जिना नको, ओलावा नको, म्हणून तर हे घर बांधायला काढलं. आणि तुम्ही काय हो," ती नवऱ्याकडे वळली, "आईच्या हाडांवर कर वाचवणार?"

"अगं, फरक केवढा होतो माहितीय? कुठून आणायचा?"

"आणू. देवाने हात दिलेत दोन तुम्हाला, दोन मला. दुसरी आई आणून दाखवा!"

लगेचरावाने पेन पुढे केलं. "वहिनी, राग बाजूला ठेवा. दिवस मावळतोय."

तिने पेन घेतलं नाही. खिडकीत कुणी विसरलेला हातोडा होता, तो उचलला आणि जाळीजवळच्या फरशीवर दणका घातला. दुसरा घातला. चार फरश्यांच्या ठिकऱ्या उडाल्या.

"आता म्हणा काम पुरं झालं!"

"वेड लागलंय!" लगेचराव ओरडला. "ही फरशी तुमच्या खर्चाने! आणि उद्या फरकाचं बिल पाठवतो, सगळ्या हप्त्यांवरचं!"

"पाठवा ना. हप्ते सगळे तुमच्या खिशात गेले, तुम्हाला अडवायला आमच्या हातात काहीच नव्हतं. आता हा फरक आहे. ढाळ सुलटा झाल्याशिवाय त्यातला पैसा दिसायचा नाही."

लगेचराव नवऱ्याकडे बघू लागला. "दादा, समजवा हो यांना."

नवऱ्याने त्याच्या हातातला कागद घेतला, आपल्या सहीवर दोन रेघा मारल्या आणि परत दिला. "ती म्हणते तसं," एवढंच बोलला. रागाने की पैशांच्या धास्तीने, देव जाणे. बायकोकडे त्याने बघितलं नाही. लगेचरावाच्या मागोमाग तोही बाहेर गेला आणि फाटकाशी दोघांची जुंपलेली आत ऐकू येऊ लागली.

सासूबाई भिंतीच्या आधाराने उंबरठ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी ठिकऱ्या न्याहाळल्या.

"एवढ्यावरच थांबलीस?"

"म्हणजे?"

"चारच फरश्या फोडल्यास तर तो चारच बदलेल, ढाळ तसाच ठेवेल. दारापर्यंत फोड बाई. मी चपला घालून येते, पायात घुसेल काही."