स्पेल्लोच्या चर्चचं छप्पर

इटलीत पेरूजाला शिकणारी अल्बानियाची मिरेला वर्गासोबत डोंगरावरची जुनी गावं बघायला निघाली होती. स्पेल्लोला मैत्रिणी आइस्क्रीम खायला वळल्या, तशी ती एकटीच वरच्या चर्चकडे गेली. नऊ वर्षांपूर्वी तिचे वडील तिथलंच छप्पर दुरुस्त करताना पडून वारले होते.

“मी बेस्निकची मुलगी,” ती म्हणाली, तसे चर्चचे म्हातारे राखणदार ओत्तोरिनो बाकावर बसले.

“पोरी, त्यानं पाणी मागितलं गं. मी धावलो, पण आणेपर्यंत...”

घरी तर ‘जागीच गेले, त्रास झाला नाही’ असंच कळवलं होतं. मिरेलानं त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

परतताना बसमध्ये आईचा फोन आला. “कसं आहे गं ते गाव?”

“छान आहे,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडली.