डाव्या हातासाठी

मित्रांनो, मांडीशी घेऊन वाजवतात ती पेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण, पायपेटी. वादक खुर्चीवर बसतो, दोन्ही पायांनी माझा भाता चालवतो आणि त्याचे दोन्ही हात सुरांसाठी मोकळे राहतात. बेळगावच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. आता मी पुष्कळ जुनी झाले आहे, पण शांत काही झाले नाही.

त्याला कारण गोकुळदास. त्यांनीच मला गोव्यात, चोपडं गावी, आपल्या घरी आणलं. पेडण्यातल्या जत्रांत ते दशावतारी नाटकांना माझी साथ द्यायचे. दशावतारात लिहून ठेवलेलं काही नसतं. राजा काय बोलेल, राक्षस कधी आत शिरेल, सगळं ऐनवेळी. वादकाने नटाच्या पायांकडे बघत सूर तयार ठेवायचा. अशा कामात निवांतपणा कुठला? पण लोक नटांच्या बरोबरीने गोकुळदासांचं नाव घ्यायचे, तेव्हा माझं लाकूडसुद्धा सुखावायचं.

त्यांची मुलगी तनया माझ्यावरच सूर ओळखायला शिकली. पुढे पणजीला जाऊन ती व्हायोलिन आणि पाश्चात्त्य पद्धतीने संगीत लिहायला शिकली, मग मुंबईला गेली. तिच्या रचना मोठमोठे वाद्यवृंद वाजवू लागले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, की तिची आई कमलाक्षी तो शेजारी दाखवून यायची. इकडे गोकुळदासांच्या जत्रा वयामुळे कमी झाल्या आणि माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या बसू लागल्या. आत भाता आवळून जायचा. कोणी तरी वारा भरावा म्हणून जीव कासावीस व्हायचा.

मग गोकुळदासांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पायही. तनया मुंबई सोडून घरी आली. पणजीच्या एका वाद्यवृंदाने तिच्याकडे नवी रचना मागितली होती, पण तिला काही सुचेना. लिहायची, फाडायची, नदीकाठापर्यंत चालत जायची आणि तशीच परत यायची. घास ताटात ठेवून उठायची. तिची ती घालमेल मला कळत होती. माझी वेगळी नव्हती.

एका दुपारी गोकुळदासांनी माझ्यावरचे कपडे खाली सारले आणि ते बसले. डावा पाय आणि डावा हात, एवढंच उरलं होतं. एका पायाने वारा पुरेना, म्हणून सूर फुगायचा आणि विरायचा. डावा हात खालचे सूर धरायचा. जिथे उजव्या हाताने गाणं उचलायचं, तिथे ते थांबायचे. काहीच वाजायचं नाही. मग डावा हात पुढे जायचा.

हे रोज दुपारी सुरू झालं. आधी तनयाने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पुढे ते उघडं राहू लागलं. मग एकदा ती कागद घेऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली, आणि तिची पेन्सिल थांबेना.

रचना झाली तेव्हा तिने ती वडिलांना संगणकावर ऐकवली. माझ्यासाठी लिहिलेल्या भागात आपलंच अडखळणं ऐकून गोकुळदासांचा चेहरा काळवंडला.

"माझो लुळो हात तू लोकांक दाखवतलंस?"

ते काठी टेकत उठून बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर ते माझ्याकडे फिरकले नाहीत. कमलाक्षी दोघांनाही जेवायला बोलावून थकली. शेवटी तनया त्यांच्यासमोर जाऊन बसली. ही रचना देणार नाही, पणजीला तसं कळवते, असं म्हणाली. आणि मग हळूच म्हणाली,

"तां तुमच्या हाताचा नाय, बाबा. तुमी जो सूर सोधतास, तेचा आसा."

गोकुळदास नदीकडून तिच्याकडे वळले.

"मगे तो भाग मीच वाजयतलंय," ते म्हणाले. "पण उजव्या हाताची जागा कोणीय भरूची नाय."

मला गादीत गुंडाळून टेंपोने पणजीला नेलं. व्हायोलिनवाल्यांच्या मध्ये मला ठेवलं. सुरुवात बरी झाली. पण मध्यावर गोकुळदासांचा डावा पाय थकला. माझा श्वास तुटू लागला. वादक एकमेकांकडे बघू लागले. गोकुळदासांच्या कपाळावर घाम आला, आणि मला वाटलं, संपलं.

पुढच्या रांगेतून तनया उठली. मंचावर आली, वडिलांच्या शेजारी बसली आणि माझ्या भात्याचा उजवा पायटा आपल्या पायाने दाबू लागली. दोन्ही हात तिने मांडीवर ठेवले होते. माझ्यात वारा भरला. उजव्या हाताची जागा आली तेव्हा व्हायोलिनं थांबली, ती थांबली, सगळं सभागृह थांबलं. मग डावा हात पुढे गेला.

टाळ्या पुष्कळ झाल्या. गोकुळदास तिला एवढंच म्हणाले, "दुसऱ्या भागात व्हायोलिनां वायच बेगीन इली." ती म्हणाली, लवकर नाही, वेळेवरच आली. चोपडं येईपर्यंत दोघं त्यावरून वाद घालत होते. आता ती तो भाग पुन्हा लिहिते आहे, आणि ते समाधानी नाहीत.

मित्रांनो, कोणाला पूर्वीसारखं वाजवता येत नसेल, तर त्याच्यासमोरचं वाद्य उचलून नेऊ नका. 'आता आराम करा' असंही म्हणू नका. त्याला हवा असतो तो आराम नव्हे. शेजारी जागा करून बसा, आणि वारा कमी पडला, तर तेवढा द्या.